दारू नवऱ्याची, लिव्हर बाईचे

नागपूरच्या वस्त्यांतल्या आमच्या बैठकांत हल्ली सोनोग्राफीचे कागद पदराआडून निघतात. वर लिहिलेले असते ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात साठलेली चरबी. एकीने विचारले, “दारू तं नवरा पेते मॅडम, मंग लिव्हर माह्यं कसं खराब?” सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र अगदी रास्त होता. दवाखान्यात तिला एवढेच सांगितले होते, तेल कमी खा, वजन उतरवा. रेशनचा भात आणि गोड चहा यांवर दिवस काढणाऱ्या बाईला!

हार्मोनचे नाव कोणी काढत नाही. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन चरबी मांड्या-नितंबांकडे वळवते, यकृताला बरेच सांभाळते. पाळी गेली की चरबी पोटात आणि यकृतात साठू लागते. म्हणून तरुणपणी हा आजार पुरुषांत जास्त, पन्नाशीनंतर मात्र बायका त्यांना गाठतात. पीसीओएस असलेल्या मुलींना तर विशीतच धोका, कारण त्यांच्यात पुरुषी हार्मोन वाढलेले असतात आणि इन्सुलिन नीट काम करत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारावर रेस्मेटिरॉम हे पहिले औषध मंजूर झाले. तेही यकृतातल्या थायरॉइड हार्मोनच्या वाटेनेच काम करते. औषध कंपन्यांना हार्मोन बरोबर दिसतात. बाईशी बोलताना फक्त तिचे ताट दिसते.

आणि बीड आठवा. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. सोबत दोन्ही अंडाशयेही काढली, तर पन्नाशीला हळूहळू यायचे ते तिशीत एका दिवसात येते. मुकादम गाजले, उचल गाजली, गाजायलाच हवी होती. पण या बायकांच्या यकृताचा, हाडांचा, हृदयाचा पुढच्या वीस वर्षांचा हिशेब सरकारला कोणी विचारायचा?

२०२१ साली केंद्राने फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. पण आशाताईंच्या फॉर्मवर कंबरेचा घेर आहे, दारू-तंबाखू आहे. पाळी कोणत्या वयात गेली, अंडाशये काढली का, हे नाही. हे दोन प्रश्न आलेच पाहिजेत. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या साध्या रक्ततपासण्या आणि बाईचे वय यांवरून यकृत कडक होत चालल्याचा पहिला अंदाज बांधता येतो. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट व्हायला हव्यात.

तोवर आपापल्या गटात पिशवीच्या ऑपरेशनचे जुने कागद गोळा करा. अंडाशये राहिली की गेली, ते डिस्चार्ज कार्डावर शोधा. कार्डच दिलेले नसेल, तर दवाखान्यात चौघी मिळून जा आणि मागा.