पाऊस मोजणाऱ्यांचा ग्रुप कुणाच्या जिवावर चालतो?



आज पिकाचं काही लिहीत नाही. गेल्या आठवड्यात लातूरकडचे एक पाहुणे आले होते, जमीन बघायला. चहा घेता घेता विचारलं, "अण्णा, तुमच्याकडं जुलै-ऑगस्टात पाऊस किती दिवस दडी मारतो? काही लिहून ठेवलंय का?" मी मोठ्या ऐटीत मोबाईल काढला. म्हणलं, लिहून ठेवलंय का काय विचारता, रोजचा हिशेब आहे. आमच्या ग्रुपचा तक्ता उघडला आणि एका वर्षाला जाऊन बोट थांबलं. १९ जुलै ते २८ ऑगस्ट, ४१ दिवस, सगळे रकाने कोरे. पाहुण्यांनी चहा पिला, काही बोलले नाहीत. मलाच कसंतरी झालं, कारण ते रकाने कोरे राहण्यात माझाही वाटा आहे.

नवीन वाचकांसाठी सांगतो. व्हॉट्सअॅपवर आमचा पाऊस मोजणाऱ्यांचा ग्रुप आहे. साठ-पासष्ट माणसं. बीड, पाटोदा, केज, गेवराईची, थोडी धाराशिवकडची. रोज सकाळी साडेआठला आपापल्या रानातला पाऊस मिलिमीटरमध्ये टाकायचा, एवढाच कार्यक्रम. योजना नाही, अनुदान नाही, कुणाचं पद नाही. निव्वळ हौस. आमच्या घरची म्हणते, पडला का नाही ते डोळ्यांनी दिसतंय, त्याला माप कशाला लावायचं.

तर माप कशाला, ते ऐका. आपला बालाघाटाचा डोंगर. कपिलधारचा धबधबा कोसळत असतो आणि चार किलोमीटरवर ढेकूळ भिजलेलं नसतं, हे इथल्या प्रत्येकानं बघितलंय. सरकारचं स्वयंचलित केंद्र महसूल मंडळाला एक. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, ती त्या यंत्रावर. एका साली माझ्या मापात ७१ आला आणि मंडळाचा आकडा निघाला ५२. आमच्या आकड्याला दरबारी किंमत नाही, हे मला कळतं, त्यावर मी भांडतही नाही. पण पेरणी तर माझ्या रानात करायची असते ना? ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरसाल सांगतं. ते ७५ कुणाच्या रानातले मोजायचे? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी. दहाचा फरक पडला तर चाळीस हजार लिटरचा हिशेब चुकतो, आणि दुबार पेरणीचं बियाणं कुणी उधारीत देत नाही.

मापक विकतचंच पाहिजे असंही नाही. ज्या नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास ११.३ सेंटिमीटर भरेल ते घ्या, खाली बाटली लावा. तोंडाचं क्षेत्रफळ बरोबर शंभर चौरस सेंटिमीटर होतं, म्हणून १० मिली पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या टोपणानं मोजता येतं. फक्त झाडापासून, भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवा. आमच्यातल्या एकानं पत्र्याच्या वळचणीखाली ठेवलं होतं, त्याच्या रानात चेरापुंजी झाली होती.

आता मूळ विषय. हा ग्रुप चालवत कोण होतं? एक रिटायर गुरुजी. नाव देत नाही, त्यांना आवडत नाही. साडेआठला मेसेज यायला लागले की गुरुजी एकेक आकडा तक्त्यात भरायचे. ज्याचा आला नाही त्याला फोन. कुणी 'चांगला झाला' असं लिहिलं की, "बाबा, चांगला म्हणजे किती?" सुप्रभातची फुलं, देवाचे फोटो, पुढाऱ्यांचे व्हिडिओ, सगळं काढून टाकायचे. आणि शून्य लिहून घ्यायचे. हे शून्याचं लोकांना पटायचं नाही. पडलाच नाही तर काय कळवायचं? गुरुजी म्हणायचे, न कळवणं आणि न पडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडीच मिलिमीटरच्या खालचा दिवस हवामान खातं पावसाचा दिवस धरत नाही. खंड किती दिवसांचा पडला हे शून्यं नीट लिहिलेली असतील तरच सांगता येतं.

त्या साली जुलैत गुरुजींचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ग्रुपवर लिहिलं, "दीड-दोन महिने स्क्रीन बघायची नाही, कुणीतरी तक्ता सांभाळा." त्यावर चौतीस जणांनी हात जोडले. लवकर बरे व्हा गुरुजी. काळजी घ्या गुरुजी. चौतिसांत मीही होतो. तक्ता मात्र कुणी घेतला नाही. मला वाटलं केजवाले घेतील, केजवाल्यांना वाटलं बीडचे घेतील. मी स्वतःला सांगितलं खुरपणी चालू आहे, टाइम कुठाय. खुरपणी होतीच, पण रात्री जेवल्यावर तासभर रील बघायला टाइम होता की.

पहिला आठवडा लोकांनी आकडे टाकले. मग निम्म्यांनी टाकले. मग कुणी नाहीच. लिहून घेणारा उठला की मोजणाराही बाटलीकडं जात नाही, हे मी तेव्हा बघितलं. पहिल्या आठवड्याचे आकडे तरी शोधू म्हणलं, तर कुणाचा मोबाईल बदललेला, कुणी चॅट साफ केलेली. गुरुजी परत आले, एका शब्दानं बोलले नाहीत. रकाने कोरे ठेवून २९ ऑगस्टपासून पुन्हा लिहायला लागले. अंदाजानं भरले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. नेमका त्याच खंडात माझं सोयाबीन फुलात असताना वाळलं होतं. किती दिवसांचा खंड होता, आज मी छातीठोक सांगू शकत नाही.

ही हौस आपली एकट्याची नाही. इंग्लंडात जॉर्ज सायमन्स नावाच्या माणसानं १८६० सालचा १६८ ठिकाणचा पाऊस गोळा करून छापला. मोजणारे पाद्री, डॉक्टर, जमीनवाले, सगळे हौशी. कारभार टपालानं, लंडनमधल्या राहत्या घरातून. १९०० साली सायमन्स वारला तेव्हा मोजणारे तीन हजारांच्या वर गेले होते. मोजणारेच वर्गणी देत, त्यातून छपाई चालायची, आणि माणूस गेला तरी काम थांबलं नाही. पुढं १९१९ साली ते तिथल्या हवामान खात्यानं घेतलं. अमेरिकेत फोर्ट कॉलिन्स गावात २८ जुलै १९९७ ला पूर आला, पाच माणसं गेली. गावाच्या एका अंगाला चौदा इंचांवर पाऊस आणि दुसऱ्या अंगाला दोन इंचसुद्धा नाही. आपल्या डोंगरासारखंच. दुसऱ्या साली तिथं लोकांच्या हातात साधी प्लास्टिकची मापकं आली, आज सगळ्या देशातून लोक रोज सकाळी इंटरनेटवर आकडे भरतात. मापक ज्याचं त्यानं विकत घ्यायचं. शून्य कळवणाऱ्याला तिथं हिरो म्हणतात. हे गुरुजींना सांगितलं तर लई हसले.

आणि लांब कशाला, आपल्या गारगोटीचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर. त्यांच्या प्रयोग परिवारात तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून कितीतरी शेतकरी होते. मोबाईल नव्हता, पत्रं होती. तिथं वेलाला काय केलं आणि काय झालं हे कळवणाऱ्याला किंमत होती. नुसतं बसून ऐकणाऱ्यांची भरती नव्हती. आपल्या ग्रुपात आज पासष्टांपैकी आकडे टाकणारे वीस-बावीस. बाकीचे बघतात. बघू द्या, मी त्यांना काढा म्हणत नाही, मीही दोन वर्षं नुसता बघतच होतो. पण बघणाऱ्यानं वर्षातून एक काम तरी अंगावर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाचं बोलतो, राग येईल काहींना. माणशी वर्षाला शंभर रुपये काढावेत. त्यातून दोन-तीन शाळांना मापकं देता येतील, आणि महिन्याला तक्त्याची छापील प्रत काढून फायलीला लावता येईल, मोबाईल बुडाला तरी कागद राहील. पैसे आले की भांडणं येतात, असं एक दादा म्हणाले. खरं आहे. म्हणून हिशेब दर महिन्याला ग्रुपवर टाकायचा, चहाचा खर्च त्यात घालायचा नाही. एका औषधवाल्यानं विचारलं होतं, सगळा खर्च मी करतो, रोज माझी एक जाहिरात टाका. मी आडवा पडलो. आज जाहिरात, उद्या पाऊस आला की त्याच्या बुरशीनाशकाचा मेसेज, परवा त्याला गैरसोयीचा आकडा कुणी टाकणारच नाही. काहींना माझं पटलं नाही. अजून बोलणं चालू आहे.

कामाचं मात्र ठरलं. गावात सप्ताह बसतो तेव्हा विणा खाली टेकवत नाहीत. पहाऱ्याची यादी असते, एकाच्या गळ्यातली विणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा तो रात्री दोनला पण उठून येतो. तशीच यादी तक्त्याची केली. एका माणसाकडं एक वार. गुरुजींनी आता फक्त चुका तपासायच्या. दुसऱ्या एकाकडं तक्त्याची नक्कल ठेवायची.

सोमवार मी घेतला. मंगळवार केजच्या ताईंनी, बुधवार-गुरुवार गेवराईच्या दोघा भावांनी, शनिवार पाटोद्याच्या एका पोरानं, बारावीत आहे. शुक्रवार आणि रविवार अजून मोकळे आहेत. रोज साडेआठ ते नऊ, अर्ध्या तासाचं काम. ज्याला जमेल त्यानं ग्रुपवर वार लिहावा, हात जोडलेलं चित्र टाकू नये.