सातवीतला तो प्रश्न आणि आपल्या बावड्याचे रामचंद्रपंत



सातवीच्या इतिहासात मराठ्यांचा स्वातंत्र्यसंग्राम आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "ही लढाई हिंदू-मुसलमानांची होती ना?" मुलं हे मोबाईलवर ऐकून येतात. आपण "पुढचं वाचा" म्हणतो, नाहीतर नुसतं "हो" म्हणून मोकळे होतो. माझ्या मते दोन्ही चूक. आणि गगनबावड्याच्या मुलांना तर याचं उत्तर घराजवळच सापडेल.

बावडा ही पंत अमात्य घराण्याची जहागीर. 1689 मध्ये औरंगजेबाने संभाजीमहाराजांना ठार केलं, रायगड पडला, येसूबाई आणि छोटे शाहू कैद झाले. राजाराममहाराजांना दूर जिंजीला जावं लागलं. मागे महाराष्ट्र सांभाळला तो रामचंद्रपंत अमात्यांनी. त्यांना 'हुकूमतपन्हा' हा किताब मिळाला, म्हणजे छत्रपतींच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार. संताजी घोरपडे, धनाजी जाधव मैदान गाजवत होते. गड राखणं, पैसा उभा करणं, फुटलेली माणसं परत जोडणं हे काम विशाळगडावरून पंत बघत होते.

आता धर्माचं. औरंगजेबाने 1679 मध्ये जिझिया पुन्हा लावला, हे मुलांना सांगायलाच हवं. ते लपवू नका. पण तिथंच थांबलात तर पुढचं काहीच कळत नाही. वतनासाठी कितीतरी मराठे मोगलांकडे गेले होते. 1697 मध्ये संताजींना मारणारे नागोजी माने म्हसवडचेच. पंतांनीही वतनं देऊनच लोक परत आणले. म्हणजे धर्म होता, तशी जमीन होती, मान होता, राज्य राखायची जिद्दही होती.

जगात हे आपल्याकडेच झालं असंही नाही. फ्रान्समध्ये 1562 ते 1598 कॅथलिक आणि ह्युगेनॉट लढले. दोघेही ख्रिस्तीच! ह्युगेनॉटांचा सेनानी कोलिन्यी 1572 मध्ये पॅरिसमध्ये मारला गेला आणि पाठोपाठ हजारोंची कत्तल झाली. त्यांचाच दुसरा नेता हेन्री पुढे राजा झाला. त्यासाठी तो स्वतः कॅथलिक झाला, पण 1598 मध्ये जुन्या सोबत्यांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक दिली. चौदाव्या लुईने ती 1685 मध्ये काढून घेतली. तेव्हा औरंगजेब दख्खनेत होता. जुलूम ही कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही, हे मुलांना यावरून कळतं.

काहीजण म्हणतील, एवढ्या लहान मुलांना ही गुंतागुंत कशाला? अहो, बांधावरून भाऊ-भाऊ कसे भांडतात हे आपली मुलं रोज बघतात. त्यांना सगळं समजतं.

आणि एक. पंतांच्या नावावरच्या 'आज्ञापत्रात' गडांची निगा आहे, तसंच रयतेची आंबा-फणसाची झाडं मालकाच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत अशी ताकीदही आहे. इतकी वर्षं लढलेला माणूस शेवटी रयतेच्या झाडाचा विचार करतो. वर्गात आधी हे सांगा.

मग फळ्यावर तीन रकाने करा: कोण, कोणाच्या बाजूने, कशासाठी. मुलांनाच भरू द्या. पालकांनी गगनगडावर गेल्यावर सेल्फी जरूर काढावा, पण सोबत पंतांची गोष्टही सांगावी. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका. त्याला उत्तर शोधायला लावा.