बातमी पुढे धाडण्याआधी



पावसाळ्यात भोरच्या बाजारात एक वाक्य हमखास कानी पडते : "वरंध घाट बंद झाला." महाडकडे कामाला निघालेला माणूस ते ऐकून माघारी फिरतो. त्याचा रोज बुडतो. पण घाट आज बंद झाला की गेल्या साली? सांगणाऱ्याने दरड स्वतः पाहिली की नुसता फोनवरचा फोटो? हे विचारणारा विरळाच.

संगणकाच्या जगात हे विचारण्याचे काम काही माणसे बिनपगारी करतात. ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, सुधारता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स त्यातलेच. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच आहे. या क्षेत्रातल्या बातम्या पुष्कळदा वापरणारेच लिहून पाठवतात. सर्वांपुढे ठेवण्याआधी स्वयंसेवक त्या पारखतात. बातमी नवी आहे का? ती मुळात कोठून आली? बातमीच्या आडून कोणी आपला माल तर खपवत नाही ना? मथळा मजकुराला धरून आहे का?

चांगल्या बातमीचा एक नमुना पाहा. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने 'एक्सझेड' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरवाट पेरल्याचे जाहीर केले. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्याला संशय आला होता. त्याने आधी संबंधितांना कळवले, मग सर्वांना. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या बाधित आहेत, हे नेमके सांगितले. आपण सुरक्षेचे तज्ज्ञ नाही, हेही लिहिले. संहिता खुली असल्याने इतरांनी लगेच पडताळणी केली.

न पारखलेल्या बातमीची किंमतही आपल्या राज्याने मोजली आहे. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा फोनवरून पसरली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. पोटासाठी गावोगाव हिंडणारी ती माणसे होती. अफवेचा पहिला घाव गरिबावरच बसतो.

मात्र पारखणाऱ्यानेही चाळणी जपून धरावी. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतल्या मुलीने "आमच्या हातपंपाला पाणी नाही" एवढेच लिहून पाठवले, तरी ती बातमीच आहे. शुद्धलेखन चुकले म्हणून ती टोपलीत टाकू नये. वाडीचे नाव विचारावे, पंप कधीपासून बंद आहे ते विचारावे, आणि तिच्याच शब्दांत ती द्यावी. नाकारायचीच झाली तर कारण कळवावे. कारण कळले की माणूस पुढची बातमी नीट लिहितो. कारण न कळवता गप्प बसलो, तर तो पुन्हा लिहीतच नाही, आणि त्या वाडीची बातमी कायमची बंद होते.