शिबिराच्या सकाळची शुगर

आमच्या गल्लीतले एक काका शुगरच्या शिबिराआधी दोन दिवस भात-चहा बंद करतात. रिपोर्ट चांगला आला की गोळी पण बंद! गेल्या महिन्यात त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. खिळा टोचलेला कळलाच नव्हता.

शुगर दुखत नाही, हीच गोची. रक्तात साखर वाढली की बहुतेक पेशी ती आत घेणं कमी करतात. डोळ्याचा पडदा, किडनी, नसा इथल्या पेशींना ते नीट जमत नाही. साखर आत शिरत राहते, पेशी आतून खराब होतात. वर्षानुवर्षं, गुपचूप.

बोटाला टोचून कळते ती त्या घडीची साखर. मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब एचबीएवनसी सांगते, तिथं दोन दिवसांचा उपास चालत नाही. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात हा आकडा 1 टक्क्याने कमी असलेल्यांत डोळे-किडनीसारखे त्रास 37 टक्क्यांनी कमी दिसले.

मुखेड, निलंग्याच्या मजुराला यासाठी विष्णुपुरी किंवा लातूर गाठावं लागलं, तर दिवसाची मजुरी बुडाली. शिबिरवाल्यांनो, फ्लेक्स दोन कमी लावा, ही तपासणी ठेवा. आणि आलेल्या माणसाची चप्पल काढून पाय बघा की राव!