निरुपयोगी विद्या कोणती?

"पदार्थविज्ञान शिकून उपयोग काय?" असें विचारणाऱ्या पालकांनीं अणुशास्त्रज्ञ त्साही गोझानी यांचें कार्य पाहावें. अण्विक द्रव्यें न उघडतां बाहेरूनच कशीं मोजावीं, या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९८१ सालीं निघाला. १९८८ सालीं स्कॉटलंडांतील लॉकरबी गांवावर, सामानांत दडविलेल्या बाँबनें विमान फुटून २७० जीव गेले. पुढच्याच वर्षीं गोझानींच्या पथकाचें यंत्र न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर बसलें. पेटींत न्यूट्रॉन शिरले, कीं स्फोटकांतील नायट्रोजन गॅमा किरण सोडून आपला ठाव सांगतो. मात्र लोकर व चामडें यांतहि नायट्रोजन असतो. त्यामुळें निर्दोष पेटीवरहि संशय येई. म्हणून यंत्रामागें विवेकी माणूस हवाच. मुलांनो, विद्येचा उपयोग आज दिसला नाहीं, तरी तिला निरुपयोगी म्हणूं नका. संकटसमयीं तीच पहारा करते.