आजारपणाचा पैसा कोठें ठेवावा?

धान विकून आलेल्या पैशांतून आम्ही गोंदिया जिल्ह्यांतील शेतकरी बियाणें, खत व लग्नकार्य यांची तरतूद करतों. आजारपणाची मात्र करीत नाहीं. मग ऐन रोवणींत दुखणें आलें म्हणजे सावकार आठवतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून इस्पितळांतील ठराविक उपचार होतात, हें खरें; परंतु नित्याचें औषध, सोबत्याचा खर्च व बुडालेली मजुरी आपल्याच गांठीं राहते.

आमचें मत असें कीं, या पैशाचें व्याज किती, यापेक्षां तो वेळेवर हातीं येतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. किसान विकासपत्राची रक्कम सामान्यतः अडीच वर्षांच्या आंत परत मिळत नाहीं. टपालाची मुदत ठेव सहा महिन्यांच्या आंत मोडतां येत नाहीं. बँकेची साधी मुदत ठेव मोडतां येते. थोडें व्याज तेवढें जातें. पतसंस्था व्याज जास्त देते. परंतु २०२० सालापासून बँकेंतील ठेवीस पांच लाख रुपयांपर्यंत जें विम्याचें संरक्षण आहे, तें पतसंस्थेंतील ठेवीस नाहीं.

यास्तव एक हिस्सा बचत खात्यांत व उरलेला तीन-चार लहान मुदत ठेवींत ठेवावा, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांचें व्याज शाबूत राहतें. खातें घरांतील दोघांच्या नांवें व कोणाही एकाच्या सहीनें चालणारें असावें. मुदत ठेव मोडण्याविषयींही बँकेस तसेंच आधीं लेखी द्यावें. कारण खातेदारच अंथरुणास खिळला, तर सही कोणीं करावी?