चिक चॉकलेट, आप्पाकाका आणि आमची हळद

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. वाशीहून ताईचे दोन फोन येऊन गेले, "ब्लॉग बंद केलास का रे?" बंद नाही केला. धाकटीच्या मुलीचं लग्न होतं, खेडच्या घरी दोन आठवडे नुसती धावपळ. पण त्यातच हा विषय मिळाला.

हळदीला डीजे की बेंजो, यावरून घरात दोन तट पडले. भाचेमंडळी डीजेवाली. आवाज भरणे नाक्यापर्यंत गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बेंजोच्या बाजूला मी आणि आप्पाकाका. आप्पा एक्क्याऐंशीचे. लालबागला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि वर्षभराने ते एक ट्रंक, एक वळकटी आणि एक बेंजो घेऊन खेडला परत आले. ट्रंक गंजून गेली, बेंजो अजून आहे.

नव्या वाचकांसाठी सांगतो, हा इंग्रजी सिनेमात दिसतो तो गोल बँजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. मूळ वाद्य जपानी, १९१२ साली नागोयात तयार झालेलं. आपल्याकडे आलं आणि कोकणी माणसाने त्याला वीज जोडून वरातीत उभं केलं!

तर एक भाचा म्हणाला, "मामा, बेंजो फार गावठी वाटतो." इथे माझी सटकली.

कारण आप्पा जे वाजवतात ना, ते मूळचं ताजमहाल हॉटेलात नाचणाऱ्या साहेबलोकांच्या जातकुळीतलं संगीत आहे. गोव्यात हळदोण्याला १९१६ साली जन्मलेला अंतोनियो झेवियर वाझ नावाचा माणूस मुंबईत चिक चॉकलेट म्हणून गाजला. ट्रम्पेट वाजवायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमध्ये त्याचा बँड होता. पण हॉटेलातल्या नाचावर सगळं भागेना (त्यात मुंबईत दारूबंदी आली, मग तर विचारूच नका), आणि गोव्याचे कितीतरी वादक सिनेमाकडे वळले. चर्चच्या शाळेत त्यांना स्वरलिपी शिकवलेली असे. आपल्या संगीतकारांच्या डोक्यात चाल असायची, ती कागदावर उतरवून पंचवीस-तीस वादकांत वाटायचं काम ही मंडळी करत.

पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटला जवळ केलं. १९५१ च्या 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. त्याच सिनेमातल्या 'शोला जो भडके'वर नाचले भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. म्हणजे बघा, वाजवणारे गोव्याचे, चाल नगर जिल्ह्यातल्या माणसाची आणि पाय गिरणगावाचे. याला गावठी म्हणायचं की विलायती? माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. पुढे १९५७ च्या 'आशा'त सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' केलं. अस्सल रॉक अँड रोल, आणि शब्दांत गोव्याची कोकणी! ते त्यांच्या गोवेकर सहाय्यकाने घातले असं सांगतात.

दुसरा भाचा तसा हुशार. तो म्हणाला, "मामा, रॉक अँड रोल म्हणजे ते मुखवट्यांचं गाणं ना? बिअरच्या जाहिरातीतलं?" बरोबर. 'गुमनाम', १९६५. पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज नावाचा मुंबईचा बँड, पुढे हर्मन बेंजामिन आणि लक्ष्मी छाया, आवाज रफीचा. २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच त्या गाण्याने झाली आणि २०११ मध्ये हायनेकेनने ते जाहिरातीत घेतलं. सगळ्या जगाने ते पाहिलं. पण त्या बँडमधल्या किती जणांची नावं तुम्हाला सांगता येतील? मलाही एकच येतं.

हेच मला खटकतं. ते बँड संपले, ती मजा गेली, म्हणून उसासे टाकणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. मला ते पटत नाहीत. मजा कुठेही गेलेली नाही, ती गणपतीच्या मिरवणुकीत रस्त्यावर नाचते आहे. एक हात वर, एक खाली, गुडघ्यात किंचित वाकून खांदे उडवायचे, हा भगवानदादांचा नाच विसर्जनाला कोण करत नाही? गेली ती नावं. सिनेमाच्या पाट्यांवर वादकांना जागाच नव्हती. अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांच्या तोंडी राहिलं, कारण प्यारेलालना आपल्या गुरूची आठवण होती, म्हणून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त ते आलं. बाकीच्यांना कोणी शिष्य गाण्यात घालणारा मिळाला नाही.

मी आप्पांना विचारलं, "चिक चॉकलेट माहीत आहे का?"
"गोळी का रे ती?"
पन्नास वर्षं त्या माणसाच्या वळणाचं वाजवलं, आणि नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "ट्रम्पेटची ती जागा बटणावर बसवायला मला एक अख्खा पावसाळा लागला होता."

असो. शेवटी भाचीनेच निकाल दिला, बेंजो. (हळद तिची, त्यामुळे अपील नाही.) जवळच्या वाडीतली पोरं आली. बेंजो, कीबोर्ड, ढोल, ताशा. खरं सांगायचं तर आवाज त्यांचाही कमी नव्हता, आणि पहिला अर्धा तास हल्लीची गाणी इतकी जोरात, की माझा पक्ष मलाच जड जाऊ लागला. मग आप्पांनी खुर्ची पुढे सरकवली. बेंजोवरच्या पोराने न सांगता जागा दिली. बोटं थरथरत होती, मध्ये एक सूर चुकला, ताशावाल्याने तो सांभाळून घेतला. दहाला दहा मिनिटं कमी असताना 'शोला' सुरू झालं आणि डीजेवाले दोन्ही भाचे सगळ्यात पुढे होते.

तो पोरगा गेल्या रविवारी घरी आला. ती ट्रम्पेटची जागा शिकायला. आप्पांनी जुना बेंजो खाली काढला, तासभर बसले, आणि तार तुटली. इथल्या बाजारात फिरलो, मिळाली नाही.

ताई, पुढच्या शनिवारी येणार आहेस ना? दादरला उतरून बेंजोच्या तारांचा एक संच घेऊन ये. आप्पा म्हणतात, दोन आण.